ड्यूक, स्टार आणि चोवीस पुरणपोळ्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी फिसकन हसलं की माझी लिंक तुटते. आणि शैला, तू किचनमधून दुरुस्त्या करू नकोस. फजिती माझी झाली आहे, मलाच सांगू दे.

तर मंडळी, मला एक जन्मजात आजार आहे. डॉक्टर असूनही त्यावर औषध सापडलेलं नाही. मला "माहीत नाही" असं म्हणताच येत नाही. कोणी पत्ता विचारला की मी सांगतो. गाव माझं नसलं तरी सांगतो. ठाण्यात माझ्या या आजारापायी किती माणसं कळव्याऐवजी घोडबंदरला पोचली असतील, देव जाणे.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून दीड तासावर डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझी आठवण काढून हसत असतात. दोन चर्च, एक गॅस स्टेशन, एक मेन स्ट्रीट आणि बाकी सगळा मका. चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलनं तिथे एक क्लिनिक काढलं आणि माझी तिथे नेमणूक केली.

दोन महिन्यांत पेशंट किती आले असतील? तीन. त्यातला एक रस्ता विचारायला आला होता. त्याला मी रस्ता सांगितला. तो पुन्हा दिसला नाही.

लोक वाईट नव्हते हो. रस्त्यात दिसलं की हात करायचे, हवापाण्याचं बोलायचे. पण खोकला झाला की गाडी काढून चाळीस मैल लांब आपल्या जुन्या डॉक्टरकडे जायचे, आणि तेही माझ्या क्लिनिकसमोरून. जाताना हात करायचे. माझा नेमका काय उपयोग, हे त्या गावाला कळत नव्हतं.

शेवटी हॉस्पिटलच्या साहेबांचा फोन आला. ऑक्टोबर संपेपर्यंत पेशंट दिसले नाहीत तर क्लिनिक बंद करू आणि तुम्हाला दुसरीकडे पाठवू, म्हणाले. हे मी घरी सांगितलं तेव्हा शैला मागच्या अंगणात मेथी पेरत होती. चार वर्षांत तिनं तीन गावांत संसाराची खोकी भरली आणि उघडली होती. ती मातीचे हात तसेच कमरेवर ठेवून शांतपणे म्हणाली, "आता या घरातून मी खोकी भरणार नाही. भरलीच तर फक्त तुमची भरीन."

म्हणजे बघा, केवढं काय काय टांगणीला लागलं होतं.

त्याच आठवड्यात मी हँकच्या दुकानात उंदराचा सापळा घ्यायला गेलो. हँकच्या दुकानात खिळ्यांपासून कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत सगळं मिळायचं. हँक म्हणजे सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा आणि कमी बोलणं. त्या दिवशी मात्र तो अगदी पडेल चेहऱ्यानं बसला होता. मी विचारलं, काय झालं? तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

गावात दर सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या काळची नांगरणीची शर्यत व्हायची. जुना काळ म्हणजे कुठला? तर कलोनियल, इंग्रजांचं राज्य होतं तो. अहो, इंग्रज गेले म्हणून आपण पेढे वाटले, आणि ही माणसं त्याच राज्यातले कपडे शिवून वर्षातून एक दिवस हौसेनं पुन्हा रयत होतात. ट्रॅक्टर बंद, फक्त बैल आणि लाकडी मुठींचा नांगर. मेन स्ट्रीटवरचे सगळे दुकानदार त्या काळातल्यासारखे स्टॉल मांडतात. बेकरीवाली एडना विटांच्या भट्टीत पाय भाजते. पाय म्हणजे ती फळं भरलेली गोड डिश, घाबरू नका. न्हावी वस्तऱ्याला चामड्यावर धार लावतो आणि हँक लोहार होतो.

प्रत्येक दुकान आपला एकेक नांगऱ्या उतरवतं. ज्याचा नांगऱ्या सगळ्यात सरळ तास, म्हणजे नांगराची रेघ, काढेल, त्या दुकानाच्या काचेत वर्षभर एक जुना गंजका फाळ ठेवायचा. बस, एवढंच बक्षीस. पण त्या फाळासाठी माणसं जीव टाकत. हँकच्या दुकानाला तो अकरा वर्षांत मिळाला नव्हता. सलग चार वर्षं तो समोरच्या न्हाव्याकडे होता, आणि न्हावी रोज सकाळी बाहेर खुर्ची टाकून हँकला दिसेल असा तो पुसत बसायचा.

हँकचा नांगऱ्या होता त्याचा भाचा. नेमका त्याचा खांदा निखळला होता. तो खांदा बसवून घ्यायला तो कुठे गेला? चाळीस मैलांवर. जाताना मला हात केला असेल, दुसऱ्या हातानं.

हँकनं सुस्कारा टाकला आणि सहज विचारलं, "डॉक, इंडियात अजून बैलांनी नांगरतात म्हणे?"

"सर्रास," मी म्हणालो. इथपर्यंत ठीक होतं.

"तुला येतं?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? आमच्या घराण्याचा शेतीशी संबंध म्हणजे आईच्या गॅलरीतला पुदिना, आणि त्याला पाणीही शेजारीण घालायची. बैल मी पाहिला होता, पण बसच्या खिडकीतून. पण माझा आजार उफाळून आला. मी सापळा काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, "हँक, आमच्याकडे मूल चालायच्या आधी नांगर धरतं."

हँक उठून उभा राहिला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सापळ्याचे पैसेही घेतले नाहीत.

संध्याकाळपर्यंत मेन स्ट्रीटवर बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी दुकानावर कापडी फलक लागला: "हिंदुस्थानचा नांगऱ्या, आमच्या दुकानातर्फे." खाली माझं नाव आणि त्यात स्पेलिंगच्या चार चुका. शैलानं तो फलक भाजी आणायला जाताना वाचला. घरी येऊन तिनं पिशवी खाली ठेवली आणि एकच सांगितलं, जा आणि आत्ताच्या आत्ता त्या बिचाऱ्याला खरं काय ते सांगून या.

गेलो की हो मी. खरं सांगायलाच गेलो. तर हँकची बायको टेप घेऊन उभी. तिनं माझ्या कंबरेचं, गुडघ्याचं, डोक्याचं माप घेतलं, माझा कलोनियल पोशाख शिवायला. हँक म्हणाला, अकरा वर्षांनी मला रात्री शांत झोप लागली. अशा माणसाला काय सांगणार? मी बूट कुठल्या साइझचे लागतात ते सांगून परत आलो.

आणि मग गाव बदललं. एडनानं घरी ब्लूबेरी पाय पाठवला. गॅस स्टेशनवाला माझी काच पुसायला लागला. क्लिनिकमध्ये चक्क माणसं यायला लागली! पण ती पेशंट नव्हती. पहिला म्हातारा आला तो कॉफीच्या डब्यात आपल्या शेतातली माती घेऊन. डॉक, जरा बघ, म्हणाला, काय कमी आहे? मी चिमूट घेतली, हुंगली, डोळे मिटले आणि म्हणालो, "थोडी आंबट आहे." म्हातारा हादरला. त्याला युनिव्हर्सिटीच्या लॅबनं म्हणे हेच सांगितलं होतं.

झालं, चार दिवसांत वेटिंग रूम कॉफीच्या डब्यांनी भरली. माझी नर्स त्यांच्यावर नावांची लेबलं लावून रांगेत मांडायची. मी एकेकाला आत बोलावून हुंगायचो. एका डब्याला तर स्टेथोस्कोप लावला, उगाच गंमत म्हणून. तर तो डब्याचा मालक श्वास रोखून निकालाची वाट बघत बसला. पण स्वतःचा खोकला दाखवायला कोणीही शर्टाचं बटण उघडलं नाही.

बैलजोडी द्यायची होती वॉल्टरनं. हा सत्तरीतला शेतकरी, त्याचे ड्यूक आणि स्टार हे दोन तांबडे, हत्तीएवढे बैल. तो म्हणाला, दोन दिवस सरावाला ये. सराव केला तर बिंग फुटणार. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, आमच्याकडे आधी सराव करत नाहीत, त्यात बैलांचा अपमान होतो. वॉल्टरनं यावर थोडा विचार केला आणि टोपी काढून मान हलवली. त्या दिवसापासून इतर दुकानांच्या नांगऱ्यांनीही सराव कमी केला म्हणतात.

शेवटी मात्र माझी टरकली. मी स्टेट कॉलेजला भानुदासकाकांना फोन लावला. काका मूळचे अमरावतीकडचे, खरे शेतकऱ्याघरचे, युनिव्हर्सिटीत गव्हाचे प्रोफेसर. सगळं ऐकून घेतल्यावर ते आधी मिनिटभर नुसते हसले. मग त्यांनी देशातून आलेलं कॅलेंडर काढलं आणि म्हणाले, "अरे बाप्पा, त्या शनिवारी तर पोळा आहे. बैलाला आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात, आणि मुख्य म्हणजे..."

"माहीत आहे हो काका, पोळा मला माहीत नाही का?" असं म्हणून मी फोन ठेवला. मला मार्ग सापडला होता. बैल खूश तर काम फत्ते. नांगर धरता येत नसला तरी बैल माझ्या प्रेमापोटी सरळ चालतील, असा माझा हिशेब होता.

शैला तयार होईना. पण बैलांनी काय पाप केलंय, त्यांचा सण तर होऊ दे, असं म्हटल्यावर ती विरघळली. हरभऱ्याची डाळ कुठली मिळायला? सुपरमार्केटातली पिवळी वाटाण्याची डाळ शिजवून तिनं चोवीस पुरणपोळ्या केल्या. एकेकाला बारा. मी एक मागितली तर हातावर उलथनं बसलं.

शनिवार उजाडला. मी गुडघ्यापर्यंतची तंग विजार, पांढरे पायमोजे, चकचकीत बकलांचे बूट आणि तीन कोपऱ्यांची टोपी अशा अवतारात मैदानावर उभा होतो. तो पोशाख घालून माझ्या आजोबांसमोर गेलो असतो तर त्यांनी मला "चले जाव" म्हटलं असतं. मैदानाच्या कडेनं स्टॉल मांडलेले, सगळं गाव जमलेलं, हँक चामड्याचा ॲप्रन घालून घणाला टेकलेला. वॉल्टरनं ड्यूक-स्टारला जू लावून दिलं आणि तो कॉफीच्या रांगेत गेला.

मी कामाला लागलो. हँकच्याच दुकानातल्या लाल आणि निळ्या ऑइल पेंटनं शिंगं रंगवली. गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. शैलानं कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. लोक पुढे सरकले, कॅमेरे निघाले. लाउडस्पीकरवर बोलणारा गृहस्थ हळू आवाजात म्हणाला, सभ्य स्त्रीपुरुषहो, आपण हजारो वर्षांची विद्या बघत आहोत. हँकनं डोळे पुसले. मग मी एकेक पुरणपोळी चारली. दोघांनी चोवीसच्या चोवीस संपवल्या आणि ड्यूकनं माझी बाही चाटली.

शिट्टी झाली. बाकीचे नांगर निघाले. मी मुठी धरल्या आणि चक् चक् केलं. बैल चालायला लागले! एक, दोन, तीन... मी मोजली, बरोबर आठ पावलं. मग स्टार थांबला. त्यानं पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग आरामात खाली सोडला आणि तो बसला. जू एकच, त्यामुळे ड्यूकनंही विचार केला आणि तोही बसला. दोघं रवंथ करायला लागले.

मी हाका मारल्या, मिनतवाऱ्या केल्या. बाबा रे, राजा रे, माझ्या सोन्या, ऊठ. इंग्लिशमध्ये करून बघितलं, मराठीत करून बघितलं. ड्यूकनं डोळे मिटले. बाजूनं न्हाव्याचा नांगऱ्या सरळ रेषेत निघून गेला. आता गावासमोर उभं राहून करायचं काय? मला सुचेना. म्हणून मीही बैलांशेजारी मातीत बसलो.

आणि हसू नका, लाउडस्पीकरवाला म्हणाला, "डॉक्टर बैलांना माती समजू देत आहेत." एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. त्याच्या बाजूचे दोघं खाली बसले. बघताबघता निम्मं गाव गवतावर बसलं. परीक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, पण सवयीनं चेहरा मात्र माहीत असल्यासारखाच ठेवला होता.

तेवढ्यात वॉल्टर कॉफी घेऊन आला. बसलेले बैल बघितले, त्यांच्या तोंडाला लागलेलं पुरण बघितलं, आणि मोठ्यानं विचारलं, यांना गोड कोणी दिलं? मी म्हणालो, मी. वॉल्टरनं कपाळाला हात लावला. गेली बारा वर्षं तो दिवसाचं काम संपलं की दोघांना गूळपाकातला पाव द्यायचा. गोड मिळालं म्हणजे सुट्टी झाली, एवढं एकच त्यांना पक्कं माहीत होतं.

मग तो माझ्याजवळ वाकला. लाउडस्पीकरवाला माइक घेऊन मागेच उभा होता. वॉल्टरनं विचारलं, "डॉक, खरं सांग. तू कधी नांगरलं आहेस?"

मी हँककडे बघितलं. तो घण हातात धरून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या पलीकडे शैला, निरांजनाचं तबक घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो, आणि तेही माइकवर. "नाही," मी म्हणालो. चारी लाउडस्पीकरमधून "नाही" घुमलं. बसलेलं गाव कपडे झटकत उभं राहिलं.

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. वॉल्टरला माझी दया आली असावी. दुकानाचं नाव लागलंय तर निदान एक तास पुरा कर, म्हणाला, आणि त्यानं बैलांना उठवलं. उठवलं खरं. पण सुट्टी झालेले बैल कुठे जातात? घरी! वॉल्टरचा ट्रेलर मैदानाच्या पलीकडे उभा होता. ड्यूक-स्टार वळले आणि सरळ तिकडे निघाले, मागे नांगर, नांगरामागे मी. मुठी सोडून द्यायच्या असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही न्हाव्याच्या नांगऱ्याचा सरळसोट तास आडवा कापला. मैदानाची दोरी घेऊन गेलो. एडनाचा स्टॉल मध्ये आला, तोही घेऊन गेलो. ब्लूबेरीचे पाय हवेत उडाले ते माझ्या टोपीच्या तीन कोपऱ्यांत बसले. मग चर्चची हिरवळ लागली, तिच्यातूनही तास निघाला, नागमोडी आणि चांगला खोल. ट्रेलरपाशी बैल आपणहून थांबले. लाउडस्पीकरवाला म्हणाला, गावाच्या इतिहासातला हा सगळ्यात लांब तास आहे, पण लांबीला बक्षीस नसतं. फाळ पाचव्या वर्षीही न्हाव्याकडेच गेला. हँक घण उचलून निघून गेला.

घरी येऊन भानुदासकाकांना फोन केला. ते म्हणाले, "तू फोन ठेवलास तेव्हा मी तेच सांगत होतो. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. त्या अमेरिकन बैलांना कळलं, तुला नाही कळलं."

रविवारी आम्ही चर्चची हिरवळ थापून दिली, एडनाची माफी मागितली. फोन वाजला नाही, कोणी हात केला नाही. संध्याकाळी शैलानं माळ्यावरून खोकी खाली काढली. माझी एकट्याची नाही, सगळ्या घराची. ती कपबशा कागदात गुंडाळायला बसली, आणि ते फार लागलं मला. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी राजीनाम्याचं पत्र टाइप करायचं ठरवून क्लिनिकला गेलो. तर बाहेर रांग! मला वाटलं, आपापले मातीचे डबे परत न्यायला आलेत. पण कोणी खोकत होतं, कोणी कंबर धरून उभं होतं. एडना पाठदुखी घेऊन आली होती, तो न्हावी पोटदुखी घेऊन आला होता. आणि सगळ्यांच्या पुढे हँक. तो आत आला, खुर्चीत बसला, शर्टाची बाही वर केली आणि बीपी बघ, म्हणाला.

मी पट्टा गुंडाळला. मला राहवेना. म्हणालो, हँक, मी तुझं नाक कापलं, गावाची हिरवळ नांगरली, सगळ्यांशी खोटं बोललो. दोन महिने कोणी आलं नाही आणि आज एवढी रांग का?

हँक पट्ट्याकडे बघत म्हणाला, "डॉक, तू डॉक्टर कसा आहेस हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. शनिवारी तुझी नांगरणी बघितली आणि गावाचं एकमत झालं. शेतकऱ्यांच्या देशात जन्मून इतकं वाईट नांगरणारा माणूस आजवर उपाशी मेला नाही, म्हणजे डॉक्टर नक्कीच चांगला असणार."